आंबा घाट उतरून ट्रकवर कामाला येणाऱ्या पोरांसाठी

दिवाळी झाली की गावाकडून फोन सुरू होतात. "अण्णा, रत्नागिरीकडं गाडीवर काम हाय का?" काम असतं. पाऊस थांबून चिरेखाणी (जांभ्या दगडाच्या खाणी) सुरू झालेल्या असतात, बांधकामं निघतात, ड्रायव्हर कमी पडतात. प्रत्येकाला तेच सांगून दमलो, म्हणून एकदाच लिहून काढतोय.

मी आटपाडीचा. मोटर मेकॅनिकचं आयटीआय केलं आणि २००२ साली किन्नर (ट्रकचा क्लीनर) म्हणून घाट उतरलो. आज दोन दहाचाकी आहेत, त्यातली एक हप्त्यातून मोकळी झालीय. सकाळी एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हेवी गाडी शिकवतो. लय शहाणा झालो असं नाही, पण माणूस इथं कुठं आपटतो त्या जागा ठाऊक झाल्यात.

पहिली गोष्ट रस्त्याची नाही, कॅलेंडरची आहे. आपल्याकडं पाऊस म्हणजे सुगीची आशा. इथं जून ते सप्टेंबर म्हणजे गाडी उभी. खाणीत पाणी भरतं, चिरा निघत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे मासळीच्या गाड्याही बंद. आंबा मे अखेरीला आटोपलेला असतो. याच्या उलट मिरगाआधीचे पंधरा-वीस दिवस वेड्यासारखे जातात. घराघरांत आगोठ, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची असते. कुणाला पत्रे पाहिजेत, कुणाला अर्धवट भिंतीचा चिरा पावसाआधी पाहिजे, कुणाचं खत सोसायटीत पोचायचं असतं. भाडं मागाल ते मिळतं. त्या महिन्यातला धंदा बघून भुलू नका.

मी भुललो होतो. २०१२ च्या मे महिन्यात गल्ला बघितला आणि दुसरी गाडी कर्जावर उचलली. फायनान्सवाल्यानं बाराही महिन्यांचा हप्ता सारखाच लावला. तो तसाच लावतो, त्याला मिरगाशी काय देणंघेणं? जुलैत पहिला हप्ता चुकला, ऑगस्टमध्ये दुसरा. शेवटी जुन्या गाडीचे सहा नवे टायर काढून विकले आणि तिला दिवाळीपर्यंत दगडांवर उभी केली. रोज अंगणातून ती दिसायची. तेव्हापासून हप्ता ठरवताना मी आठ महिन्यांच्या कमाईला बारानं भागतो. त्यात बसलं तर गाडी, नाहीतर नाही.

सरकारी हिशोबही पाऊस बघत नाही. दहापर्यंत गाड्या असलेल्यांना वह्या न ठेवता अंदाजे उत्पन्नावर कर भरता येतो. त्यात बारा टनांवरच्या गाडीला टनामागे महिन्याला १,००० रुपये उत्पन्न धरतात. दहाचाकीचं पासिंग (गाडी आणि माल मिळून परवानगीचं वजन) २८.५ टनांचं, म्हणजे महिन्याला २८,५०० रुपये, आणि गाडी नावावर आहे तो प्रत्येक महिना मोजतात, चाक फिरो न फिरो. रस्ता कराचं तसं नाही. गाडी उभी राहणार असेल तर आधीच आरटीओत नॉन-यूजचा, म्हणजे गाडी वापरात नसल्याचा, अर्ज द्यावा. नंतर दिलेला अर्ज कामाचा नाही, आणि अर्ज दिल्यावर 'जरा एक खेप मारून येतो' हेही चालत नाही.

पावसाळ्यात मी आता एक गाडी वर पाठवतो, कोल्हापूरकडं साखरेच्या गोडाऊनला. दुसरी इथं थांबते, तिचं खालचं काम काढतो. खाऱ्या हवेचा अंदाज आपल्याकडच्या माणसाला येत नाही. चेसी, स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट, केबिनचा तळ, सगळं गंजतं. समुद्रकाठच्या मिऱ्या-मिरकरवाड्याकडं फिरणाऱ्या गाडीला जास्तच. वर्षातून एकदा चेसी घासून रंग, आणि अधूनमधून जळक्या ऑईलचा हात. जुनी गाडी इथून विकत घेणार असाल तर केबिनचा रंग बघू नका, खाली झोपून हातोडीनं ठोकून बघा. मासळीची भाडी चांगली असतात, पण बर्फाचं खारट पाणी गाडीला खातं आणि रस्त्यावर सांडलं तर मागच्या दुचाकीवाल्याला पाडतं. मी ती भाडी सोडली.

आता घाट. वरून उतरायला कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा, करूळ, फोंडा, आंबोली, एवढे माझ्या रोजच्या तोंडातले. निघण्याआधी कुठला चालू आहे ते विचारूनच गाडी काढा. पावसात दरड येते, एरवी दुरुस्तीसाठी महिनोन्‌महिने बंद ठेवतात. मी शिकवायला घेतलेल्या पोराला पहिल्या दिवशी स्टेअरिंग देत नाही. आंबा घाटात एका वळणाच्या खाली, कठड्याच्या आत उभं करतो आणि येणाऱ्या गाड्यांचा वास घ्यायला लावतो. कोण गिअरवर उतरला, कोण ब्रेकवर, ते ब्रेक लायनरच्या वासावरून सांग म्हणतो. तासाभरात पोरगं बरोबर सांगायला लागतं. त्याला मग भाषण द्यावं लागत नाही.

ज्या गिअरला चढाल त्याच गिअरला उतरा, हे सगळे सांगतात. मी पुढचं सांगतो. तो गिअर माथ्यावर गाडी थांबवून टाकायचा. उतारावर वेग घेतल्यावर खालचा गिअर शोधायला गेलात आणि तो पडला नाही, तर गाडी न्यूट्रल झाली आणि तुम्ही नुसते प्रवासी झालात. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा) असेल तर तो वापरा, पायाचा ब्रेक दाबून सोडा, धरून ठेवू नका. ब्रेकच्या हवेच्या प्रेशरचा काटा खाली यायला लागला तर जागा मिळेल तिथं थांबा. लाज कसली? डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारा उस्ताद भेटला तर त्याच्या गाडीतून उतरा. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम पण आहे आणि माणुसकी पण. भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उचलताना क्लचची वाट लागते.

धुक्यात अपर लाईट लावू नका, समोर पांढरी भिंत उभी राहते. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या माणदेशात त्याचा दहावा हिस्सा पडला तरी गावजेवण घालतात. रात्री गवे आडवे येतात. गवा हॉर्नला दाद देत नाही. लाईट कमी करून थांबायचं, तो जातो.

पावसातली खरी फसवी जागा मात्र घाटात नसून साईडपट्टीवर असते. तांबडी माती वरून घट्ट दिसते, आत लोणी झालेली असते. समोरच्या एसटीला वाट द्यायला म्हणून डावं चाक खाली घातलं आणि गाडी आडवी झाली, असे प्रकार दर पावसाळ्यात बघतो. पुलावर पाणी असेल तर थांबा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल पुरात गेला, त्यात एसटीच्या दोन गाड्या गेल्या. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा मी गाडी परशुराम घाटाच्या अलीकडं लावून बसलो होतो, मालाचा मालक फोनवर शिव्या देत होता. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला, "बरं केलंस."

वाडीत माल टाकायचा असेल तर आधी चालत जाऊन या. इथली घरं रस्त्याला लागून नसतात. पाणंद, दोन्हीकडं चिऱ्याचे गडगे (कुंपणाच्या भिंती), वर आंब्याच्या फांद्या आणि लोंबणारी वायर. गडगा पडला तर तो बांधून द्यावा लागतो, शिवाय वर्षभर ऐकावं लागतं. साकवावर (छोट्या पुलावर) किती टनांची पाटी आहे ते वाचा, पाटी नसेल तर गावकऱ्याला विचारा. एक चिरा तीस किलोच्या आसपास भरतो, भिजला की आणखी जड. कोरड्या दिवसाच्या नगांच्या हिशोबानं ओला चिरा भरलात तर वजनकाट्यावर सापडाल.

भाड्याचं एक सूत्र: खाली येताना गाडी भरून येते, सिमेंट, साखर, भाजी, खत. वर जाताना चिरा नसेल तर रिकामी. म्हणून भाडं ठरवताना परतीचं डिझेल धरूनच बोला. हमाली आणि वाराई (माल चढवा-उतरवायची मजुरी) कुणाची, काट्याचे पैसे कुणाचे, खाली करायला दोन दिवस लावले तर हॉल्टिंग किती, हे गाडी भरायच्या आधी. ५० हजारांवरच्या मालाला राज्याबाहेर जाताना ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागतंच, राज्याच्या आत ही मर्यादा एक लाखाची आहे. कागद नसताना 'जा रे, काय होत नाय' म्हणणारा व्यापारी दंडाच्या वेळी फोन उचलत नाही. आंब्याची खेप वाशीला रात्रीत पोचवायची असते. तिला ताडपत्री आवळून बांधू नका, आंबा आत शेकतो. केरळ-कर्नाटकचं भाडं मिळालं तर कोलाडहून कोकण रेल्वेची रो-रो आहे, १९९९ पासून चालू. गाडी वॅगनवर, आपण केबिनमध्ये. मी दोनदा गेलो. झोप मस्त लागते.

लायसन्सबद्दल थोडक्यात. हेवीसाठी वय २० पूर्ण आणि हलक्या गाडीचं लायसन्स वर्षभर जुनं पाहिजे. आठवी पासची अट २०१९ मध्ये गेली, पण ट्रान्सपोर्टचं लायसन्स पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. नियमानं हेवीचं शिक्षण ३० दिवसांचं, त्यात किमान १५ तास हातात गाडी. दोन दिवसांत काढून देतो म्हणणारा तुम्हाला फक्त कार्ड देतोय. पुढं शिकवायचं मनात असेल तर दहावी, पाच वर्षांचा अनुभव आणि मेकॅनिकचा दाखला लागतो. मला आयटीआयच्या कागदाचा उपयोग पंधरा वर्षांनी झाला. बापानं तो पेटीत जपून ठेवला होता.

माणसांचं काय? घाटावरचे म्हणून टोमणे बसतील. मनावर घेऊ नका, इथली माणसं एकमेकांनाही सोडत नाहीत. "बघूया" म्हणजे नाही, हे समजायला मला तीन वर्षं लागली. तोंडावर नाही म्हणायची इथं पद्धत नाही. पैसे मात्र बुडवत नाहीत, उशीर करतात. शिमग्याला आणि गणपतीला इथला ड्रायव्हर आणि हमाल मिळत नाही. तेव्हा आपल्याला काम मिळेल असं वाटतं, पण गणपतीत चाकरमानी येतात म्हणून हायवेवर अवजड गाड्या बंद ठेवतात. त्या दिवसांत मी गावाला जाऊन येतो. पहिली गाडी घेतली तेव्हा शेजारचे काका म्हणाले, देवळात नेल्याशिवाय चावी फिरवू नको. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "परमुलखातून आलेल्या ह्या लेकराच्या चाकाखाली कुणाचा जीव येऊ देऊ नको रे म्हाराजा," आणि आजूबाजूचे सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. मला खोली भाड्यानं द्यायला वर्षभर 'बघूया' म्हणणारा माणूसही त्यात होता.

येताना दोन ताडपत्र्या, गमबूट आणि जाड चादर आणा. आंब्याच्या माथ्यावर थांबून मला फोन करा, घाटात रेंज जाते. साखरप्याला उतरलात की चहा घ्यायच्या आधी चाकाच्या ड्रमजवळ हात न्या. हात धरवत नसेल तर तसंच सांगा, तुमची पहिली शिकवणी तिथूनच सुरू करू.