यकृताच्या जुनाट आजारात कर्करोगाची नियमित तपासणी कशी करून घ्यावी

सुरुवातीला आपल्याला ही तपासणी लागू आहे का, हे यकृतरोगतज्ज्ञांना विचारावे. सिरोसिस (यकृतावर व्रण पडून ते कडक होणे) झालेल्या बहुतेक रुग्णांना ती लागू असते, मग त्याचे कारण हिपॅटायटिस असो, दारू असो वा फॅटी लिव्हर. हिपॅटायटिस बीमध्ये मात्र सिरोसिसशिवायही कर्करोग होऊ शकतो. म्हणून हा जुनाट संसर्ग असलेल्या आशियाई वंशाच्या पुरुषांना वयाच्या ४० नंतर आणि स्त्रियांना ५० नंतर, तसेच घरात कुणाला यकृताचा कर्करोग झालेला असल्यास त्याआधीही, तपासणीचा सल्ला दिला जातो. हिपॅटायटिस सी औषधांनी बरा झाला म्हणून अनेकजण तपासणी सोडून देतात, पण सिरोसिस होऊन गेला असेल तर धोका कमी होतो, संपत नाही.

दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी आणि सोबत एएफपी (यकृताच्या कर्करोगात अनेकदा वाढणारे प्रथिन) ही रक्ततपासणी करावी. लहान गाठ दुखत नाही, कावीळही आणत नाही, आणि एसजीपीटी (यकृताला इजा झाल्याचे दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल असल्याने कर्करोग नाही असे ठरत नाही. पुढची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवावी, कारण खरी गफलत होते ती पहिल्या तपासणीत नव्हे, तिसऱ्या-चौथ्या वेळी.

सोनोग्राफीला साधारण सहा तास उपाशीपोटी जावे. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असल्यास त्यांचे काय करायचे, हे आधी विचारावे. जुने रिपोर्ट सोबत न्यावेत आणि सिरोसिस असल्याचे रेडिओलॉजिस्टना आवर्जून सांगावे. यकृताचा वरचा भाग बरगड्यांआड आणि फुफ्फुसाखाली दडलेला असतो. खोल श्वास घेऊन रोखल्यावर तो खाली सरकतो, आणि डाव्या कुशीवर वळल्यावर आणखी काही भाग दिसतो. त्यामुळे या सूचना कंटाळा न करता पाळाव्यात.

रिपोर्ट हाती आल्यावर केवळ ‘गाठ नाही’ एवढेच वाचून थांबू नये. संपूर्ण यकृत नीट दिसले का, हा प्रश्न माझ्या मते तितकाच महत्त्वाचा आहे. स्थूलता, आतड्यातील वायू किंवा यकृतातील चरबी यांमुळे चित्र अस्पष्ट आले असेल, तर सीटी किंवा एमआरआयची गरज आहे का, ते डॉक्टरांना विचारावे.

एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ दिसल्यास सहसा तीन ते सहा महिन्यांच्या आत सोनोग्राफी पुन्हा करतात. गाठ एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी असेल, अथवा एएफपी २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असेल किंवा सतत वाढत असेल, तर शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट करणारे औषध) देऊन सीटी किंवा एमआरआय करतात. मूत्रपिंडाचा त्रास वा कॉन्ट्रास्टची ॲलर्जी असल्यास ते आधीच सांगावे. सिरोसिसच्या रुग्णात गाठ सुरुवातीला ठळक उजळून नंतर आजूबाजूच्या यकृतापेक्षा गडद दिसू लागली, तर अनेकदा बायोप्सीशिवायही (गाठीचा तुकडा काढून न तपासताही) निदान होते. एएफपी हिपॅटायटिस भडकल्यानेही वाढतो, त्यामुळे एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. मात्र सांगितलेला सीटी किंवा एमआरआय काही आठवड्यांत उरकावा, पुढच्या सहामाही तारखेची वाट पाहू नये.