कार्ब्युरेटरमध्ये तुटलेलं मिक्श्चर स्क्रूचं टोक कसं काढायचं

काकांची जुनी फोर-स्ट्रोक बाईक आमच्या सोलापुरातच एकाने ट्यून केली आणि कार्ब्युरेटरचा मिक्श्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं मिश्रण कमी-जास्त करणारा) असा आवळला की सुईसारखं टोक आतच मोडून बसलं. आता घाई करू नका आणि ड्रिल तर अजिबात लावू नका, बॉडीचा धातू मऊ असतो, भोक वाकडं झालं की कार्ब्युरेटर भंगारात.

आधी कार्ब्युरेटर उतरवा, रबर आणि प्लास्टिकचे पार्ट काढा, उरलेल्या स्क्रूबरोबर स्प्रिंग, वॉशर, ओ-रिंग (बारीक रबरी कडी) आलीय का मोजा, ओ-रिंग आतच चिकटून राहते बऱ्याचदा. मग इंजिनच्या बाजूने टॉर्च मारून बघा, बटरफ्लाय किंवा स्लाइडच्या (अॅक्सिलरेटर दिला की उघडणारी झडप) पुढे बारीक भोक दिसेल, तुटलेलं टोक तिथूनच डोकावतं. तिथे कार्ब क्लीनर मारून रात्रभर सोडा. सकाळी पूर्ण कोरडं करून हेअर ड्रायरने बॉडी गरम करा (पेट्रोल जवळ नको, मे महिन्यात तर आपल्याकडे ऊनच पुरतं की), मग शिवणाची सुई मोडून सपाट घासा आणि त्या भोकातून टोक हळूच मागे ढकला, टिचकीएवढाच ठोका. मला तासभर लागला आणि ते पडलं तेव्हा तांदळाच्या कणीपेक्षा बारीक होतं.

नाहीच हललं तर लेथवाल्याकडे द्या, हट्ट नको.

नवा स्क्रू बोटांनी हलका टेकवायचा, मग साधारण दीड आटा (दीड फेरा) मागे, बाकी सेटिंग गाडी गरम झाल्यावर.