गोण खाडीवर उघडू नका: शिनाणे, तिसऱ्या, कालवं पाळणाऱ्यांसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरचा सल्ला

पावसाचं गढूळ पाणी निवळलं, खाडीला खारटपणा परत आला की शिनाण्यांच्या (दोरीला चिकटवून वाढवायच्या हिरव्या शिंपल्यांच्या) दोऱ्या भरायची आणि तिसऱ्या-खुब्यांचं बी, म्हणजे बारकी पिल्लं, टाकायची घाई सुरू होते. बाहेरचं बी येतं तेही याच दिवसांत, आणि घात होतो तोही तेव्हाच. होडीच्या कडेला बियाची गोण उघडायची, कामाचं बी घ्यायचं आणि उरलेला चिखल, फुटक्या शिंपा, गोण धुतलेलं पाणी तिथेच झटकायचं. त्या झटकण्यातून जे खाडीत उतरतं ते पुन्हा वेचून काढता येत नाही.

केरळच्या अष्टमुडी कायलात (खाऱ्या पाण्याच्या सरोवरात) दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरची चारू शिंपली अशी पसरली की शिनाणे आणि कालवांची जागा तिने घेतली. तिथले लोक तिला ‘वरत्तन कक्का’, म्हणजे उपरी शिंपली म्हणतात. खायला चालते, भाव मात्र कमी मिळतो. खाऱ्या पाण्यात जगते, बरंचसं गोडं पाणीही सोसते. म्हणजे आपल्या कोकणातल्या भाट्ये, काळबादेवी, कर्लीसारख्या खाड्या तिला घरच्यासारख्या.

‘लवकर वाढणारी विदेशी तिसरी’ म्हणून कुणी मनिला क्लॅमचं बी खपवायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. हा तुलनेने थंड समुद्राचा प्राणी. एप्रिल-मेचं तापलेलं पाणी त्याला सोसणं कठीण, आणि त्यातून वाचला तरी जुलैत खाडी गोडी झाल्यावर टिकणं अवघड. 1983 मध्ये इटलीतल्या व्हेनिसच्या खाजणात हीच जात सोडली. तिथलं पाणी तिला मानवलं, धंदाही मोठा झाला, पण तिथली मूळची तिसरी मागे हटली. या जातीबरोबर पर्किन्सस नावाचा परजीवीही देशोदेशी फिरला आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, गरम-खारट पाण्यात बळावतो आणि उघड्या खाडीत त्याच्यावर औषध नाही. शिवाय परदेशी जिवंत जलचर आणायला केंद्राचा परवाना लागतो. विक्रेत्याकडे तो आधी मागा, विषय बहुधा तिथेच संपेल.

बी शक्यतो आपल्याच खाडीतलं घ्या, नाहीतर शेजारच्या. राज्याबाहेरचं असेल तर प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय नको. गोण आली की:

गोण भरतीरेषेच्या बऱ्याच वर, ताडपत्रीवर उघडा. उताराची तोंडं खाडीकडे नकोत. बी हाताने निवडा, आपल्या ओळखीचं नसेल ते बाजूला काढा. शंभरात पाचापेक्षा जास्त शिंपा टिचकी मारूनही मिटत नसतील तर सगळा माल परत करा. हा आकडा पुस्तकातला नाही, अनुभवाचा अंदाज आहे.

धुतलेलं पाणी टबात साठवा. 100 लिटरला 65 ग्रॅम ब्लीचिंग पावडर (30 टक्के क्लोरीनची) ढवळून 24 तास ठेवा, मग विहीर आणि भातखाचरापासून दूर जमिनीवर ओता. पावडर नवीन डब्यातली हवी. उघड्या पिशवीतली महिनाभर पडलेली पावडर म्हणजे नुसता चुना. आणि हे औषध फक्त पाण्यात तरंगणाऱ्या डिंभांसाठी, म्हणजे शिंपांच्या अगदी बारीक पिल्लांसाठी. जिवंत शिंप क्लोरीन लागताच घट्ट मिटते आणि दिवसच्या दिवस तग धरते. परकी शिंप दिसली तर ती उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, नंतर खड्ड्यात.

दुसऱ्या खाडीतून आणलेल्या दोऱ्या, जाळ्या, गोणपाट पंधरा दिवस उन्हात, रोज उलटून. गुंडाळीच्या आतली ओल राहिली तर बारकी शिंप तिथेच जगते.

नेहमीची कामं:
– बी 15 ते 25 मिमी
– दोरीच्या मीटरला 500 ते 750 ग्रॅम
– वरून सुती मच्छरदाणीचं कापड
– दोन दोऱ्यांत किमान 25 सेंमी
– काढणी पहिल्या पावसाआधी
– विक्रीआधी स्वच्छ खाऱ्या पाण्यात 24 तास

वाढीचं टॉनिक, शिंपल्यांचं मिनरल, बाटलीतले जिवाणू यांवर एक रुपया घालू नका. शिंप पाणी गाळून खाते. ओतलेलं औषध पुढच्या ओहोटीला समुद्रात.

धक्क्याजवळ हातभर खोल एक जुनं कौल टांगून ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी बघा. कोवळ्या शिनाण्याची कड हिरवीगार असते. काळपट-तपकिरी, आतून जांभळट, गुच्छाने चिकटलेली बारीक शिंप दिसली तर चारूचा संशय घ्या. चोचीच्या (शिंपेच्या निमुळत्या टोकाच्या) आत छोटी फळी असेल तर ती मुंबई बंदरात केव्हाचीच आलेली दुसरी उपरी शिंप, चारू नव्हे.

संशय आला तर खरवडून पाण्यात पाडू नका. ओहोटीला बादलीत काढा, शेजारी नाणं ठेवून फोटो घ्या आणि नमुना मीठपाण्यात न ठेवता बर्फावर रत्नागिरीतल्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात किंवा झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात पोहोचवा. बाजारात नेलीच तर उकडून, मांस काढून. जिवंत विकलेली एक पाटी दुसऱ्या खाडीवर धुतली की तीच लागण तिकडे.