शिकारीची जमीन घेताय? मिशिगनमध्ये नेहमी होणाऱ्या या चुका टाळा

डेट्रॉइटच्या आसपासच्या मराठी घरांतून हा प्रश्न हल्ली वरचेवर कानावर येतो: "वर उत्तरेला चाळीस एकर मिळतायत, घेऊ का?" घर झालेलं असतं, मुलं मोठी होत असतात, ऑफिसातल्या मित्राबरोबर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जाणं झालेलं असतं, आणि मग स्वतःचं रान असावं असं वाटू लागतं. या वाटण्याच्या मी पूर्ण बाजूनं आहे. तरीही घेतलेली जमीन काही वर्षांत विकायला काढणारे लोक भेटतात. त्यांचं रान बहुतेक वेळा चांगलंच असतं. खरेदीच्या वेळी त्यांनी झाडं पाहिली, खुरांचे ठसे पाहिले आणि कागद पाहायचे राहून गेले, ही खरी अडचण असते.

एक गोष्ट आधीच सांगतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हे सगळं अमेरिकेपुरतं. अमेरिकेतही जमीन तुमची झाली म्हणून हरीण तुमचं होत नाही. वन्यप्राणी राज्याच्या ताब्यात असतात, आणि स्वतःच्या रानातही हरणासाठी परवाना, हंगाम आणि मर्यादा पाळावी लागते. १ जानेवारी १९६० नंतर जन्मलेल्या माणसाला मिशिगनमध्ये नेहमीच्या परवान्यासाठी शिकार-सुरक्षेचा कोर्सही लागतो.

विकणाऱ्याचं टॅक्स बिल आपलं धरून चालणं

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मिशिगनमध्ये १९९४ पासून मालमत्तेचं करपात्र मूल्य दरवर्षी फार तर ५ टक्के किंवा महागाईच्या दरानं, यातलं जे कमी असेल तेवढंच वाढतं. ज्यानं जमीन पंचवीस वर्षं सांभाळली, त्याचं करपात्र मूल्य त्यामुळे बाजारभावाच्या खूप मागे राहिलेलं असतं. जमीन विकली गेली की ही मर्यादा उठते. पुढच्या वर्षी करपात्र मूल्य थेट बाजारभावाच्या साधारण निम्म्यावर जातं.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. चाळीस एकर, एकरी ४,००० डॉलर, म्हणजे किंमत १,६०,००० डॉलर. करपात्र मूल्य ८०,००० होईल. तिथला एकूण दर समजा ४० मिल, म्हणजे हजारी ४० डॉलर. वर्षाचा कर ३,२०० डॉलर. विकणाऱ्याचं करपात्र मूल्य ३५,००० असेल तर त्याच दरानं तो १,४०० भरत होता. जाहिरातीत हाच १,४०० चा आकडा लिहिलेला असतो, आणि तो खोटाही नसतो.

त्यात आणखी एक पदर आहे. विकणारा शेजारच्याच घरात राहत असेल, तर राहत्या घराची सवलत घराला लागून असलेल्या मोकळ्या जमिनीलाही मिळते आणि शाळांसाठीचा १८ मिलपर्यंतचा कर त्याला माफ असतो. तुम्ही दोनशे मैलांवर राहत असाल, तर तो तुमच्या बिलात येणार. वरच्या उदाहरणात एवढ्यानंच १,४४० डॉलर होतात. म्हणून बिल मागू नका. टाउनशिपच्या असेसरला, म्हणजे करासाठी मालमत्तेचं मूल्य ठरवणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याला, फोन करा आणि "मालकी बदलल्यावर कर किती येईल?" असं सरळ विचारा. ते सांगतात. खरेदीनंतर ४५ दिवसांत मालकी-बदलाचं प्रतिज्ञापत्र त्याच कार्यालयात द्यायचं असतं, तेही तेव्हाच विचारून घ्या.

जमीन घेऊन झाली असेल आणि बिल पाहून धक्का बसला असेल, तरी वाट आहे. 'क्वालिफाइड फॉरेस्ट' या योजनेत किमान २० एकर जंगल नोंदवता येतं. पात्र फॉरेस्टरकडून, म्हणजे वनतज्ज्ञाकडून, व्यवस्थापन आराखडा करून घ्यायचा आणि त्याप्रमाणे जंगल राखायचं. त्या बदल्यात शाळांचा तो १८ मिलपर्यंतचा कर सुटतो, २ मिल शुल्क भरावं लागतं. बाहेरच्या लोकांना आत येऊ देण्याची अट नाही.

तिच्याशी गल्लत होते ती 'कमर्शियल फॉरेस्ट' योजनेची. तिथे कर एकरी दीड डॉलरहूनही कमी, आणि हा आकडा पाहून माणूस हरखतो. पण अशा जमिनीवर पायी येऊन शिकार आणि मासेमारी करण्याचा हक्क कुणालाही असतो, तिथे केबिनही बांधता येत नाही, आणि योजनेतून बाहेर पडायचं तर दंड भरावा लागतो. कर संशयास्पद वाटावा इतका कमी दिसला, तर पहिला प्रश्न हाच विचारा: ही जमीन कुठल्या योजनेत नोंदलेली आहे?

रस्ता दिसतो म्हणजे रस्ता आहे, असं समजणं

गावाकडची जमीन माहीत असलेल्या आपल्या लोकांना वहिवाटीचा रस्ता ही कल्पना नवी नाही. महाराष्ट्रात शेताला वाट नसेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. मिशिगनमध्ये तहसीलदार नाही. वाट हवी तर शेजाऱ्याकडून लेखी हक्क मिळवायचा, नाहीतर कोर्टात जायचं, आणि कोर्टाचा खर्च जमिनीच्या किमतीच्या मानानं जिव्हारी लागतो.

विकणारा त्याच्या गाडीतून तुम्हाला शेजाऱ्याच्या शेतातून थेट आत नेतो. "आम्ही वीस वर्षं असेच येतो" हे त्याचं म्हणणं खरंही असतं. पण ती दोन मित्रांमधली तोंडी परवानगी असते आणि नव्या मालकाला ती लागू होत नाही. रजिस्टर ऑफ डीड्सकडे, म्हणजे काउंटीच्या दस्त-नोंदणी कार्यालयात, नोंदलेला इझमेंट (दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा हक्क) आहे का, त्याची रुंदी किती, तो फक्त चालण्यापुरता आहे की गाडी आणि लाकडाचे ट्रकही नेता येतील, हे कागदावर वाचा. रस्ता नसलेली जमीन स्वस्त मिळते, पण विकतानाही ती त्याच भावानं जाते.

दुसरी बाब हंगामी रस्त्याची. उत्तरेकडचे कितीतरी काउंटी रस्ते 'सीझनल' असतात. १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल काउंटी त्यावरचा बर्फ काढत नाही. बंदुकीनं हरीण मारण्याचा हंगाम १५ ते ३० नोव्हेंबर. म्हणजे ज्या पंधरवड्यासाठी जमीन घेतली, नेमक्या त्याच काळात शेवटचे दोन मैल तुमची जबाबदारी. जुलैत रस्ता सुंदर दिसतो म्हणून फसू नका, काउंटीच्या रस्ते विभागाला विचारा.

चाळीस एकरांत हरीण राहील, ही आशा

अमेरिकेची जुनी जमीन-मोजणी १७८५ च्या कायद्यावर उभी आहे: एक मैल लांब-रुंद चौकोन, ६४० एकर. त्याचा सोळावा भाग म्हणजे चाळीस एकर. एका बाजूला १,३२० फूट, सगळा बांध चालून आलात तर बरोबर एक मैल. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा वावर साधारण एका चौरस मैलाच्या आसपास असतो. तेव्हा तुमच्या रानात दिसणारं हरीण शेजारच्या अनेक रानांतही रोज जात असतं. शेजारी काय करतात, दीड वर्षांचा प्रत्येक नर मारतात की थांबतात, यावर तुमचा अनुभव ठरतो. जमीन बघायला जाल तेव्हा शेजाऱ्यांची दारं ठोठवा. ओळख करून घ्या, कुठे बसता ते विचारा. या एका कामात जेवढं कळतं, तेवढं रानात लावलेल्या कुठल्याही ट्रेल कॅमेऱ्यात कळत नाही.

लहान तुकड्यांबाबत आणखी सावध राहा. लोक राहत असलेल्या घरापासून, तसंच शेतीच्या गोठ्या-कोठारापासून ४५० फुटांच्या आत परवानगीशिवाय बंदुकीनं शिकार करता येत नाही. दहा एकरांचे बरेच तुकडे ३३० फूट रुंद आणि १,३२० फूट लांब असतात. दोन्ही बाजूंना घरं असली तर तुमची निम्मीअधिक जमीन त्या पट्ट्यात जाऊ शकते. नकाशावर वर्तुळं काढून पाहा.

हरीण येत नाही म्हणून मका आणि गाजरांचे ढीग टाकू नका. मिशिगनच्या खालच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या, द्वीपकल्पात ३१ जानेवारी २०१९ पासून आमिषावर बंदी लागू झाली, कारण 'सीडब्ल्यूडी' हा हरणांचा मेंदूचा जीवघेणा रोग एकत्र खाण्यातून पसरतो. मिशिगनच्या मोकळ्या हरणांत तो २०१५ साली सापडला. फूड प्लॉट, म्हणजे पेरून उगवलेला क्लोव्हर किंवा राय, चालतो. पण त्याआधी माती तपासून चुना घाला. पाइन आणि ओकखालची आम्ल माती महागडं बियाणं वाया घालवते. आणि रोग आढळलेल्या भागात मारलेल्या हरणाची तपासणी करून घ्या. रोग निघाला तर ते मांस खाऊ नये, अशी अमेरिकी आरोग्य यंत्रणेची शिफारस आहे.

व्हिसा विसरणं

हे आपल्या लोकांसाठी सगळ्यात गंभीर, आणि स्थानिक एजंटाला हे सुचण्याची शक्यता कमी. एच-१बी, एच-४, एल-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला संघराज्याच्या कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत. अपवाद आहे: त्याच्याकडे राज्याचा वैध शिकार-परवाना असावा लागतो. मित्राची बंदूक तासभर हातात घेणं हेही बाळगणंच. नवऱ्याकडे परवाना आहे म्हणून बायकोला चालत नाही. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला. पुढे ग्रीन कार्डाच्या फाइलवर डाग नको असेल तर बंदुकीला हात लावण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. ग्रीन कार्ड झालेल्यांना ही अडचण नाही.

जमिनीचंही तसंच. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसलेल्या माणसानं दहा एकरांहून जास्त शेतजमीन किंवा जंगल घेतलं, तर १९७८ च्या संघीय कायद्याप्रमाणे ९० दिवसांत कृषी खात्याकडे एफएसए-१५३ हा फॉर्म भरावा लागतो. न भरल्यास दंड जमिनीच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. फॉर्म राहून गेला असेल तर उशिरा का होईना, स्वतःहून भरा, कारण उशिराचा दंड आठवड्यागणिक चढत जातो. मिनेसोटा आणि आयोवासारख्या राज्यांची बंधनं याहून कडक आहेत.

भारतात परतायचा विचार असेल तर आणखी एक हिशोब करा. अमेरिकेत निवासी नसलेल्या परदेशी नागरिकानं जमीन विकली, की खरेदीदाराला विक्रीच्या रकमेच्या १५ टक्के सहसा कापून कर खात्याकडे भरावे लागतात. रिटर्न भरून जास्तीचे परत मिळतात, पण तोवर पैसे अडकतात.

दारात आलेल्याला झाडं विकणं

जमीन घेतल्यावर एखाद्या दिवशी कुणीतरी येतो आणि म्हणतो, "मोठी मोठी झाडं तेवढी काढतो, रोख देतो." मोठी तेवढी काढली की वाकडी, रोगट आणि खुरटी झाडं मागे राहतात, आणि तेच बी पुढचं जंगल घडवतं. पुढची तीस-चाळीस वर्षं त्या रानातून नीट लाकूड निघत नाही. लाकूड विकायचंच असेल तर मालकाच्या बाजूनं काम करणारा स्वतंत्र फॉरेस्टर गाठा, झाडं खुणा करून मोजून घ्या, निविदा मागवा, लेखी करार करा. खरेदीच्या वेळीच किमतीतला जमिनीचा आणि उभ्या झाडांचा वाटा वेगळा काढून ठेवलात, तर पुढे लाकूड विकताना करात फायदा होतो.

अ‍ॅस्पेन या झाडाचं मात्र उलट आहे. ते पूर्ण कापलं तरच मुळांपासून दाट फुटवे येतात, आणि त्या फुटव्यांत हरीण आणि ग्राउस पक्षी रमतात. उघडं पडलेलं रान पाहून जीव कासावीस होतो, तरी अ‍ॅस्पेनसाठी योग्य उपाय तोच आहे.

अ‍ॅश झाडं पोखरणारा हिरवा भुंगा २००२ साली डेट्रॉइटजवळ सापडला. त्यानं मारलेली वठलेली झाडं अजून उभी आहेत. ती ठिसूळ असतात आणि न सांगता पडतात. वाटेच्या आणि बसायच्या जागेच्या वरची आधी काढा, ट्री स्टँड (झाडावर बसायचं मचाण) त्यांना कधीच बांधू नका. कुठल्याही स्टँडवर चढताना सुरक्षा-पट्टा घालाच.

थोडक्यात, पण वगळू नका

खनिजांचे हक्क जमिनीबरोबर येतातच असं नाही. जुन्या कर-जप्तीतून आलेल्या बऱ्याच जमिनींचे हक्क राज्यानं स्वतःकडे ठेवले आहेत. टायटलच्या कागदात ते वाचा. दलदल खोदून तळं किंवा भरून वाट करायची तर पर्यावरण खात्याचा परवाना लागतो. केबिन बांधायचं असेल तर सेप्टिकसाठी जमीन चालते का, याची तपासणी खरेदी-करारात अट म्हणून घाला. घराचं कर्ज देणाऱ्या बँका मोकळ्या जमिनीला नाखूश असतात. फार्म क्रेडिट या शेतजमिनीला कर्ज देणाऱ्या संस्थांकडे चौकशी करा आणि घरापेक्षा जास्त रोख भरायची तयारी ठेवा. सर्व्हे नसेल तर करून घ्या. जुनं कुंपण म्हणजे हद्द नव्हे.

मग मिळतं काय?

निव्वळ पैशाचा हिशोब मांडला तर दरवर्षी खिशातून जातं. राज्याचं जंगलच सुमारे ४० लाख एकर आहे, तिथे परवाना काढून कुणीही शिकार करू शकतं. वर्षातून चार दिवस जाणार असाल, तर जमीन घेऊ नका. एक हंगाम भाडेपट्ट्यानं रान घ्या आणि किती वेळा जाणं होतं ते पाहा.

जे बाराही महिने जातात त्यांना मात्र हे रान भरभरून देतं. मार्चमध्ये मेपलचा रस काढून उकळायचा, चाळीस गॅलन रसाचं एक गॅलन पाक. उकळत्या रसाच्या वाफेत उभं राहिलं की गुऱ्हाळावर असल्यासारखं वाटतं. मे महिन्यात मोरेल अळंबी, वसंतात टर्कीचं ओरडणं, उन्हाळ्यात मुलांना झाडं ओळखायला शिकवणं, आणि शिकार झाली तर स्वतः सोलून-कापून फ्रीजरमध्ये ठेवलेलं मांस. आपण लावलेला ओक वीतभर वाढला हे पाहण्यात जो आनंद आहे, तो विकत मिळत नाही. कर आणि कष्ट त्यासाठी सोसावेत, असं माझं प्रामाणिक मत आहे.

जमीन शेवटची पाहायला एप्रिलच्या सुरुवातीला जा. बर्फ नुकता वितळलेला असतो, पानं फुटलेली नसतात. पाणी कुठे साचतं, हरणांच्या जुन्या वाटा कुठून जातात आणि शेजाऱ्याचं घर खरोखर किती जवळ आहे, हे तेव्हाच स्पष्ट दिसतं. रस्ता गाडी रुतावी इतका चिखलाचा असेल, तर तेही तेव्हाच कळेल, सही करण्याआधी.