परसातील अनोळखी काटेरी झाड ओळखताना या चुका टाळा

सातारा-सांगलीकडे माघ-फाल्गुनात परसातील एखादे निष्पर्ण काटेरी झाड लाल फुलांनी भरते आणि पाहणारा त्याला बेधडक 'पांगारा' म्हणून मोकळा होतो. रंगावरून नाव ठरवणे ही पहिली चूक होय, कारण काटेसावरही त्याच सुमारास तशीच फुलते. सावरीच्या फुलाला पाच जाड, मांसल पाकळ्या आणि मध्ये पुंकेसरांचा झुबका असतो. पांगाऱ्याच्या फुलात मात्र एकच मोठी पाकळी ठळक दिसते. पालवी फुटल्यावर पांगाऱ्याला तीन, तर सावरीला एकाच बिंदूतून पसरलेली पाच ते सात पर्णिका (एकाच पानाची छोटी पाने) दिसतात. तीन पर्णिका बेलालाही असतात, परंतु बेलाचे पान चुरगळल्यास वास येतो.

दुसरी चूक अधिक महागात पडते: काटा आहे एवढेच पाहिले जाते, तो कोठून निघाला हे पाहिले जात नाही. सावरीचा शंकूसारखा काटा सालीचाच भाग असल्यामुळे आडवा जोर दिल्यास निखळतो. बाभळीचे काटे पानाच्या बुडाशी जोडीने येतात, तर लिंबाचा काटा पानाच्या बगलेतून निघतो आणि सहसा एकटा असतो. जुन्या सावरीच्या बुंध्यावरचे काटे झडतात, म्हणून कोवळी फांदीही तपासावी.

कलमी मोसंबीच्या जागी एकाएकी दाट काटे आणि जांभळट कळ्या दिसू लागल्या, तर नवे झाड उगवले असे समजू नये. बहुधा ती कलमाच्या जोडाखालून आलेली रंगपूर किंवा जंबेरी खुंटाची, म्हणजे ज्या लिंबूवर्गीय झाडावर कलम बांधले त्याची, फूट असते आणि ती बुडापासून काढावी लागते.

मोबाइलच्या ॲपला केवळ फुलाचे छायाचित्र देऊन मिळालेले नाव फारसे भरवशाचे नसते. पाने-फुलांसह छोटी फांदी वर्तमानपत्रात दाबून जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवावी. तोवर शेंगा-बिया मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. पांगाऱ्याच्या बिया विषारी असतात.

ओळख पटण्याआधी कुऱ्हाड तर मुळीच चालवू नये. शहरी हद्दीत 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाड तोडण्यास परवानगी लागते, तर काटेरी खैराचा समावेश 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत, म्हणजे परवानगीशिवाय तोडता न येणाऱ्या झाडांच्या यादीत, आहे.