आयोवात बिऱ्हाड मांडताना

नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या निमित्ताने अमेरिकेच्या आयोवा राज्यात येणारी मराठी कुटुंबे मला बहुधा तेच ते प्रश्न विचारतात: घर कुठे घ्यावे, थंडीचे कपडे कोणते आणावेत, तूरडाळ कुठे मिळते. ही माहिती आठवडाभरात कोणाकडूनही मिळते. येथे अठरा वर्षे राहिल्यानंतर माझा आग्रह वेगळा आहे. ज्या गावात तुम्ही राहणार, त्या गावाचे सार्वजनिक प्रश्न पहिल्याच वर्षी समजून घ्या. तुम्हाला मतदानाचा हक्क नसला, तरी नळाचे पाणी, मुलांची शाळा आणि जवळचे रुग्णालय यांविषयी घेतलेले निर्णय तुमच्या उंबरठ्याच्या आत येतातच.

सुरुवात पाण्यापासून करावी. पाण्याची शंका आली की ते गाळून, उकळून प्यावे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. येथे मात्र सर्वांत मोठी काळजी नायट्रेटची आहे आणि नायट्रेट उकळून जात नाही. उलट पाणी आटते आणि उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. कोळशाच्या साध्या फिल्टरनेही ते निघत नाही, आरओ यंत्राने निघते. केंद्र सरकारने ठरवलेली मर्यादा लिटरमागे 10 मिलिग्रॅम आहे आणि ती मुख्यतः तान्ह्या बाळांचा विचार करून ठरवलेली आहे, कारण अशा पाण्यात दुधाची पावडर कालवून दिली तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. शहराच्या पाण्याची तपासणी कायद्याने होते. खासगी विहिरीची जबाबदारी मात्र ज्याची त्याची असते. आमचे पहिले भाड्याचे घर गावाबाहेर होते. बोअरचे पाणी इतके नितळ आणि गार होते की त्याविषयी शंका यावी असे काहीच नव्हते, आणि माझी पत्नी लहान मुलीसाठी ते रोज नेमाने उकळून ठेवत असे. शेजारच्या वृद्ध बाईंनी सुचवले म्हणून आम्ही नमुना दिला, तेव्हा नायट्रेटचा आकडा 14 आला. काउंटीच्या, म्हणजे येथील जिल्ह्याच्या, आरोग्य खात्यामार्फत खासगी विहिरीची तपासणी बहुतेक ठिकाणी मोफत होते. सामान लावण्याआधी ती करून घ्यावी.

हे नायट्रेट येते कुठून, हे मला त्याच बाईंच्या मुलाने शेताच्या कडेला नेऊन दाखवले. एप्रिल महिना होता, मका अजून पेरलेला नव्हता, आणि बांधाखालच्या एका पाइपमधून मनगटाएवढी स्वच्छ धार चरात पडत होती. मध्य व उत्तर आयोवाची बरीचशी जमीन मुळात पाणथळ होती. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीपासून शेतकऱ्यांनी जमिनीखाली आधी भाजक्या मातीच्या आणि पुढे सच्छिद्र प्लास्टिकच्या नळ्या घालून तिचा निचरा केला. या नळ्यांना येथे टाइल म्हणतात. सांगली-कोल्हापूरकडील क्षारपड जमिनीत सच्छिद्र पाइप घालतात, तीच ही युक्ती, फक्त राज्यभर पसरलेली. पिकाने न घेतलेले नत्र, मग ते खतातले असो, डुकरांच्या मैल्यातले असो की मूळच्या काळ्या मातीतले, पावसाबरोबर याच वाटेने ओढ्यात आणि नदीत उतरते. राज्याची लोकसंख्या सुमारे 32 लाख आहे आणि डुकरांची संख्या दोन कोटींहून अधिक.

राजधानी डे मॉइनला रकून आणि डे मॉइन या दोन नद्यांचे पाणी मिळते. तेथील पाणीपुरवठा संस्थेने 2015 मध्ये वरच्या अंगाच्या तीन काउंट्यांतील निचरा मंडळांवर, म्हणजे शेतांतल्या पाण्याचा निचरा सांभाळणाऱ्या संस्थांवर, दावा लावला, तो 2017 मध्ये फेटाळला गेला. जून 2025 मध्ये नायट्रेट इतके वाढले की डे मॉइन आणि आसपासच्या गावांत हिरवळीला पाणी घालण्यास बंदी झाली. त्याआधी 2010 मध्ये मतदारांनी सुमारे 63 टक्के कौल देऊन पाणी आणि माती यांच्यासाठी एक निधी राज्यघटनेत घातला होता. विक्रीकर पुढे वाढेल तेव्हा त्यातला पहिला हिस्सा या निधीत जाणार होता. विधिमंडळाने तो कर आजतागायत वाढवलेला नाही. हे मला फार अनुचित वाटते. तरीही शेतकऱ्याला खलनायक ठरवून मोकळे होऊ नका. मक्याचा भाव, कर्ज आणि इथेनॉलचे धोरण यांच्यात तो आपल्या ऊस उत्पादकाइतकाच अडकलेला आहे.

शाळांचे गणित पटसंख्येवर चालते. 1 ऑक्टोबरला जितकी मुले मोजली जातात, तितका निधी मिळतो. गावे रोडावली तशा शाळा एकमेकींत मिसळत गेल्या. ओडेबोल्ट-आर्थर-बॅटल क्रीक-आयडा ग्रोव्ह या एकाच शाळेच्या नावात चार गावे आहेत. 2023 च्या कायद्याने खासगी शाळेत जाणाऱ्या मुलासाठीही सरकारी पैसा मिळू लागला, परंतु अनेक ग्रामीण काउंट्यांत खासगी शाळाच नाही. त्यामुळे तुमची दोन मुले एखाद्या लहान शाळेत दाखल होणे ही तेथे खरोखर आनंदाची बातमी असते.

रुग्णालयाची चौकशी घर ठरवण्यापूर्वीच करावी, विशेषतः घरात बाळ येणार असेल तर. अनेक लहान रुग्णालयांनी प्रसूती विभाग बंद केले आहेत. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याला जानेवारीच्या बर्फात सत्तर मिनिटे गाडी चालवत जावे लागले.

कार्बन डायऑक्साइड वाहून नेणाऱ्या पाइपलाइनविषयीही तुमच्या कानावर येईल. त्यासाठी मालकाच्या संमतीशिवाय जमिनीचा हक्क घेता यावा की नाही, यावर रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक अशा दोन्ही पक्षांचे शेतकरी एकत्र विरोधात उभे आहेत, आणि त्यांना दिलासा देणारे विधेयक गव्हर्नर किम रेनॉल्ड्स यांनी जून 2025 मध्ये नकाराधिकार वापरून रोखले. भूसंपादनाची नोटीस पाहिलेल्या घरातून आलेल्यांना हा राग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी व्यक्तीला येथे सहसा शेतजमीन घेता येत नाही, हेही जाता जाता लक्षात ठेवावे.

एक इशारा अगदी गंभीरपणे देतो. वाहन परवाना काढताना मतदार नोंदणी करायची का, असे विचारले जाते. नागरिकत्व मिळाले नसेल तर स्पष्ट नकार द्या आणि स्वाक्षरी करण्यापूर्वी प्रत्येक रकाना वाचा. अनवधानाने झालेली नोंदणीही पुढे ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाच्या आड येऊ शकते.

मत देता येत नसले तरी बोलता येते. राज्यात 99 काउंट्या आहेत, प्रत्येकीचा कारभार पाहणारे, निवडून आलेले सुपरवायझर मंडळ असते, आणि त्याच्या, नगर परिषदेच्या व शाळा मंडळाच्या बैठका कायद्याने खुल्या असतात. विषयपत्रिका किमान 24 तास आधी लावावी लागते. बहुतेक ठिकाणी नागरिकांना बोलण्यासाठी दोन-तीन मिनिटे राखून ठेवलेली असतात, आणि ती मिनिटे घेणाऱ्याकडे कोणी पासपोर्ट मागत नाही. विधिमंडळ जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होते. अधिवेशनाच्या काळात अनेक आमदार शनिवारी सकाळी वाचनालयात किंवा गावच्या सभागृहात लोकांना भेटतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा खोलीत अकरा माणसे होती. विहिरीच्या तपासणीचा कागद मी बरोबर नेला होता. आमदारांनी तो वाचला, आमच्या घराचा रस्ता विचारला, आणि शेजारी बसलेल्या शेतकऱ्याने त्याच रस्त्यावरच्या आणखी दोन विहिरींचे आकडे सांगितले.