स्वस्तातलं हीट एक्स्चेंजर एस्प्रेसो मशीन निवडताना
दुधाची कॉफी रोज होत असेल तरच हे मशीन घ्या. नुसत्या एस्प्रेसोला सिंगल बॉयलर (एकाच बॉयलरचं साधं मशीन) पुरतो. हीट एक्स्चेंजर मशीनमध्ये दूध फेसाळणाऱ्या वाफेचा बॉयलर १२० अंशांच्या आसपास असतो आणि कॉफीचं पाणी त्यातून जाणाऱ्या नळीत तापतं. मशीन बराच वेळ नुसतं चालू राहिलं की ते पाणी अति तापतं, कॉफी करपट लागते. म्हणून आधी ग्रुपमधून (कॉफीचं पाणी जिथून बाहेर पडतं तो भाग) थोडं पाणी सोडा. फसफस थांबून धार सरळ झाली की पोर्टाफिल्टर (कॉफी पावडर भरायचा दांडा) लावा.

पोर्टाफिल्टर ५८ मिमीचा हवा, त्या मापाच्या बास्केट (आतल्या जाळीच्या वाट्या) सहज मिळतात. पंपाचा दाब ९ बारवर (बार हे दाबाचं एकक) आणता येतो का, विचारा. महागड्या रोटरी पंपाचा हट्ट सोडा. व्हायब्रेशन पंप आवाज जास्त करतो, एवढंच. वाचलेले पैसे ग्राइंडरवर घाला. ई६१ ग्रुप (जड धातूचा, जुन्या घडणीचा) असेल तर तापायला अर्धा तास धरा. क्षारयुक्त जड पाण्याने नळीत क्षार साचतो, आणि तो काढणं कटकटीचं.